वॉरंटीत चोरी कव्हर होत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की महागड्या लॅपटॉपवर एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली की चोरी झाली तरी नवीन मिळतो. असं नसतं हो. वॉरंटी म्हणजे बनवण्यातला दोष, एक्स्टेंडेड घेतली तर तेच फक्त जास्त वर्षं, आणि पडणं-पाणी सांडणं यासाठीचा अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज प्लॅन वेगळा. चोरीसाठी इन्शुरन्सच लागतो, त्यातही अटी वाचा, कारण गाडीत किंवा टेबलावर तसाच सोडून गेलात आणि गेला तर बऱ्याच पॉलिसी क्लेम नाकारतात, आणि जुन्या लॅपटॉपला घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापून पैसे देणाऱ्याही असतात. बिल आणि सिरियल नंबरचा फोटो आजच काढून मेलवर ठेवा, पोलीस तक्रारीत आणि क्लेममध्ये तोच विचारतात, आणि लॅपटॉप गेल्यावर खालचं स्टिकर कुठून वाचणार?

त्याच मेसेजमध्ये पासवर्ड असला की डेटा सेफ असंही लिहिलंय, तेही अर्धवटच. डिस्क एन्क्रिप्ट (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद) नसेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला लावली की फाइल्स सरळ दिसतात. त्यासाठी विंडोजमध्ये बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट चालू आहे का बघा, आणि त्याची रिकव्हरी की (अडलं तर डिस्क उघडायचा लांब कोड) त्याच लॅपटॉपवर ठेवू नका प्लीज. बॅकअप वेगळा घ्याच, गेलेले फोटो कुठलाच इन्शुरन्स परत आणत नाही.