दोन्ही पॉइंट टू-टू, तरी काडतुसं वेगळी

लाँग रायफल आणि मॅग्नम ही पॉइंट टू-टू (०.२२ इंच) मापाची दोन वेगळी काडतुसं; घर म्हणजे सिलिंडरमधली काडतूस बसायची जागा. सोलापूरच्या शस्त्र परवानाधारकांत फिरणारा सल्ला असा: "पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हरला मॅग्नमचा सिलिंडर बसवा, मग त्यातूनच लाँग रायफलही उडतं. त्याच मॉडेलचा कुठलाही सिलिंडर चालतो. नाहीच मिळाला तर लेथवर घरं मोठी करून घ्या."

गोळीचा व्यास जवळपास सारखा, म्हणून योग्य मापाची एकच नळी दोन्हींना पुरते, एवढंच यात खरं. लाँग रायफलच्या गोळीची शेपटी बारीक असते. ती पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) शिरते आणि गोळी बाहेरून पुंगळीइतकीच जाड राहते, साधारण ५.७ मिमी. मॅग्नमची (विंचेस्टर, १९५९) गोळी पूर्ण जाडीनिशी आत बसते, म्हणून पुंगळीच ६.१ मिमीची. त्या घरात लाँग रायफल सैल बसतं. बार झाला की पितळ फुगतं, उभं चिरतं आणि गॅस मागे, तुमच्या तोंडाकडे येतो. चार वेळा काही झालं नाही, हा पुरावा नव्हे. मॅग्नमच्या घरात आखूड काडतूस हवंच असेल तर डब्ल्यूआरएफ (विंचेस्टर रिमफायर) हे जुनं काडतूस; मॅग्नम त्याचंच लांबवलेलं रूप आहे.

"कुठलाही सिलिंडर"? रुगर कंपनीचं सिंगल-सिक्स रिव्हॉल्व्हर दोन सिलिंडरच्या जोडीत मिळतं, त्यातल्या जादा सिलिंडरवर त्या शस्त्राच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे कोरलेले असतात, ते उगाच नाही. सिलिंडर आणि नळीतली फट ०.१ ते ०.२ मिमी लागते. जास्त झाली तर बाजूने शिसं उडतं. कमी झाली तर काजळीने सिलिंडर अडकतो. मागे रिमला (काडतुसाच्या बुडाच्या कडेला) जागा जास्त मिळाली तर काडतूस फुसकं जातं. सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघून घोडा सावकाश ओढा आणि प्रत्येक घरावर सिलिंडर पक्का अडकतो का पाहा. एकही डगमगलं तर गोळी नळीच्या तोंडाशी खरवडली जाते. सिलिंडर बदलताना मधली पिन खटक्यापर्यंत आत गेली पाहिजे. नेमही बदलतो, साइट पुन्हा लावावी लागते.

लेथचं तर बोलूच नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारागीर यंत्रमागाचे पार्ट उत्तम करील, पण घराची भिंत पातळ झाली की सिलिंडरची ताकद गेली. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रच, आणि कलम ५ प्रमाणे दुरुस्ती-बदलाला वेगळा परवाना लागतो. म्हणजे गुन्हा त्या लेथवाल्यावरही. जादा सिलिंडर घेण्याआधी परवान्यावर कोणतं बोअर (नळीचं माप) लिहिलंय ते वाचा आणि परवाना शाखेकडून लेखी विचारून घ्या.