पेनसिल्व्हेनिया, प्लस एक

आधीच सांगून ठेवते, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मी कोणाच्या बाजूची होते ते या लेखात येणार नाही. आमच्या मराठी मंडळाची वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडे आहे आणि वर्गणी देणारे दोन्ही बाजूंचे आहेत. वाचकांनी माझ्या जागी आपापला उमेदवार घालून वाचावं, काही अडत नाही. २०२४च्या त्या उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत दोन्हीकडची माणसं एकाच दुखण्याने हैराण होती.

दुखणं असं की, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष व्हायला ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतं लागतात (प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरलेली मतं, बहुतेक ठिकाणी राज्य जिंकणाऱ्याला ती सगळी). कॅलिफोर्नियाची ५४ आणि टेक्सासची ४० कुणाच्या पदरात पडणार हे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे सगळा जीव अडकतो तो सात ‘स्विंग स्टेट्स’मध्ये, म्हणजे कुणीकडेही झुकू शकणाऱ्या राज्यांत: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना, नेवाडा. सातांची मिळून मतं ९३. त्यात थोरली पाती पेनसिल्व्हेनियाची, १९ मतांची. आणि पेनसिल्व्हेनियाचं पारडं कुठे फिरतं, तर फिलाडेल्फियाच्या उपनगरांत, त्यातही बक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा), असं टीव्हीवरचे जाणकार नकाशावर बोट आपटून सांगत होते. ते बोट जिथे आपटत होतं, तिथे साधारण आमचं घर आहे.

माझी जाऊ डेलावेअर नदीच्या पलीकडे, न्यू जर्सीत, एडिसनला राहते. इतकी वर्षं आम्ही कढीपत्ता, गवार, ओला नारळ असल्या वस्तूंसाठी नदी ओलांडून तिच्या गावाला जायचं आणि ‘तुमच्याकडे काय बाई, नुसती झाडं’ हे ऐकून परत यायचं. त्या ऑक्टोबरात मात्र आमचे दिवस फिरले. कमला हॅरिस वॉशिंग्टन क्रॉसिंगला मुलाखत देऊन गेल्या, आणि चारच दिवसांनी रिपब्लिकन पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प फीस्टरव्हिलच्या मॅकडोनाल्ड्समध्ये ॲप्रन लावून फ्रेंच फ्राइज काढून गेले. दोन्ही ठिकाणं आमच्याच काउंटीतली. एडिसनच्या मताला कुणी कुत्रंही विचारत नव्हतं. मी हे सगळं जाऊबाईंना फोनवर सविस्तर सांगितलं. त्या ‘हो का’ म्हणाल्या आणि कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला.

पण या मोठेपणाची किंमत होती. डोळे उघडले की चष्म्याआधी फोन. ‘पेनसिल्व्हेनिया: अमुक प्लस एक.’ म्हणजे ताज्या पोलमध्ये, जनमत चाचणीत, अमुक उमेदवार एका टक्क्याने (इथल्या भाषेत एका पॉइंटाने) पुढे. अमुक आपला असेल तर चहात साखर जरा कमी चालते. अमुक त्यांचा असेल तर मी उठून बसते आणि वरपित्याच्या घराची चौकशी करावी तशी त्या पोलच्या मागे लागते. घराणं कुठलं? सॅम्पल किती? फोनवर विचारलं की ऑनलाइन? नोंदलेले मतदार घेतले की मत देतीलच असे? खर्च कुणी केला? मागच्या खेपेला किती चुकले होते? शेवटी कुठे ना कुठे खोट सापडतेच, आणि मी ते स्थळ नाकारते. पोल आवडता निघाला तर पत्रिकासुद्धा न बघता साखरपुडा.

‘मार्जिन ऑफ एरर’ नावाची गोष्टही मी अशीच सोयीने वापरायला शिकले. ८०० लोकांना विचारलं तर आकडा साडेतीन पॉइंट इकडे किंवा तिकडे असू शकतो. तोही एका उमेदवाराचा; दोघांमधलं अंतर मोजायचं म्हटलं तर चूक जवळजवळ दुप्पट धरावी लागते. म्हणजे ‘प्लस एक’ला ‘मायनस सहा’पासून ‘प्लस आठ’पर्यंत कुठेही हिंडायची मुभा. थोडक्यात, त्या पोलमधून खात्रीने एवढंच कळतं की निवडणूक आहे. विरुद्ध पोल आला की मी हा हिशेब नवऱ्याला पदरचं गणित घालून समजावत असे. बाजूने आला की तोच मला समजावायला यायचा, आणि मी म्हणायचे, ‘एवढं काही नसतं हं ते.’

नवऱ्याचं म्हणणं, एकेक पोल बघूच नये, सरासरी बघावी. शहाणपणाची गोष्ट आहे. पण सरासऱ्याही चार निघाल्या. एकीत आपण पाव पॉइंटाने पुढे, दुसरीत पाव पॉइंटाने मागे. कोणती खरी मानायची हे ठरवायला मला वेळ लागला नाही.

सांगलीहून अप्पांचा फोन रोज. त्यांची सकाळ ती माझी रात्र, त्यामुळे दिवसभराचे आकडे पोटात घेऊन मी त्यांच्या हवाली व्हायची.

“काय गं, वारं कुणीकडचं?”

“टाय आहे, अप्पा. अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस.”

“टाय कसा असंल? इतकी माणसं मत देणार, कुणीतरी जास्त घेणारच की.”

यावर उत्तर नव्हतं. अप्पांचा पोलवाल्यांवर भरवसा उरला नव्हता, आणि त्याला कारणही होतं. जूनमध्येच आपल्याकडे एक्झिट पोलवाल्यांनी एनडीएला साडेतीनशे ते चारशे जागा वाटल्या होत्या. प्रत्यक्षात २९३ आल्या आणि एका पोलवाल्याला चॅनेलवर सगळ्यांसमोर रडू कोसळलं. “तुमच्यात कोण रडतंय का बघत जा,” अप्पा म्हणाले. “सांगलीत अपक्ष आला, ते आमच्या चहाच्या गाड्यावर आधीच ठरलं होतं. गाड्याला कुठं मार्जिन लागतंय?”

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. एवढे पोल चाललेत, सगळे आमच्याच राज्यात, आणि मला कुणीच कसं विचारत नाही? मेसेज रोज ढिगाने यायचे, पण ते प्रचारासाठी सात डॉलर मागणारे. दारावर माणसं यायची, पण ती मत मागणारी. मत विचारणारं कुणीच नाही. आणि दिवाळीच्या आधी तो फोन आला.

मी चकल्या तळत होते. अनोळखी नंबर होता, एरवी मी उचलला नसता, पण भाजणी आणणारी मैत्रीण नेहमी कुठल्या तरी नव्याच नंबरवरून फोन करते म्हणून कानाला लावला. पलीकडून एक मुलगी म्हणाली, पेनसिल्व्हेनियातल्या मतदारांचं सर्वेक्षण आहे, दहा-बारा मिनिटं वेळ आहे का? माझ्या हातात सोऱ्या, कढईत चार चकल्या, आणि मी म्हणाले, “आहे की!” तुम्ही मतदान करणार हे नक्की, बहुतेक, की सांगता येत नाही? नक्की. देश योग्य दिशेने चाललाय का? इथे मी जरा विस्ताराने बोलायला गेले तर ती म्हणाली, “मॅडम, फक्त हो किंवा नाही.” मग एकेका नेत्याबद्दल मत: फार चांगलं, थोडं चांगलं, थोडं वाईट, फार वाईट. थोडं आणि फार यांच्यामध्ये माझा निर्णय होईना. तिकडे तेल तापून चकल्या वरून काळ्या आणि आतून कच्च्या. झारा एका हातात, लोकशाही दुसऱ्या. शेवटी शिक्षण, वय, वंश विचारून तिने आभार मानले. मी तिला ‘हॅपी दिवाली’ म्हटलं. त्यासाठी तिच्या कागदावर रकाना नसावा, ती गप्प झाली.

आता मी सामान्य माणूस राहिले नव्हते. प्यू रिसर्च सेंटर या इथल्या सर्वेक्षण संस्थेच्या फोन पोलला १९९७ साली शंभरातले छत्तीस जण उत्तर द्यायचे, २०१८पर्यंत ते सहांवर आले. त्या दुर्मिळ जमातीतली मी! पोल प्रसिद्ध झाला तशी मी स्वतःला शोधायला बसले. वर अर्थातच ४८–४८. खाली तक्ते. गोरे, त्यांचा आकडा. कृष्णवर्णीय, त्यांचा आकडा. हिस्पॅनिक, आकडा. आशियाई, त्यापुढे एक आडवी रेघ. खाली बारीक अक्षरात: संख्या फार कमी असल्याने आकडा दिलेला नाही. इतकं तेल जाळून मी रेघ झाले होते.

वर आणखी एक कळलं. २०१६ साली विस्कॉन्सिनमध्ये पोल्सच्या सरासरीत हिलरी क्लिंटन सहा-साडेसहा पॉइंटांनी पुढे होत्या, आणि ट्रम्प सुमारे २३ हजार मतांनी ते राज्य घेऊन गेले. मग पोलवाल्यांच्या ध्यानात आलं की पदवीधर लोक फोनवर भरभरून बोलतात, बाकीचे फोन आपटतात. तेव्हा पदवीधरांची उत्तरं जरा कमी धरायला हवीत. म्हणजे मी, एमएस्सी फर्स्ट क्लास, त्या रेघेतसुद्धा पूर्ण नव्हते. पाऊण असेन.

पाडवा २ नोव्हेंबरला, शनिवारी आला. मंडळाची ‘दिवाळी पहाट’ संध्याकाळी पाचला होती (शाळेचं सभागृह पहाटे मिळत नाही). गायिका रंगात आलेली असतानाच हॉलभर फोन थरथरले. ॲन सेल्झर यांचा आयोवाचा पोल: हॅरिस ४७, ट्रम्प ४४. आयोवा, जे स्विंग स्टेट आहे असं स्विंग स्टेटवालेही म्हणत नव्हते, जिथे ट्रम्प मागच्या वेळी आठ पॉइंटांनी जिंकले होते! आणि सेल्झरबाईंचा लौकिक असा की त्यांचं अनुमान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अर्ध्या हॉलने श्वास रोखला, अर्ध्या हॉलच्या तोंडून ‘आहाहा’ निघालं, आणि गायिकेने ती दाद समजून तान पुन्हा घेतली. फराळाच्या रांगेत आयोवाच्या शेतकरी बायकांचं मन काय म्हणतं यावर अशी माणसं बोलत होती, ज्यांनी आयोवा फक्त विमानातून बघितलंय, तेही झोपेत. एक काका दर वाक्याला चिवड्याचा बोकणा भरत म्हणाले, “आउटलायर आहे, एकटाच भरकटलेला आकडा.” दुसरे काका म्हणाले, “लाट आहे.” मी कुठल्या काकांच्या शेजारी उभी होते, ते वर्गणीच्या कारणास्तव सोडून देऊ. तीन दिवसांनी ट्रम्प यांनी आयोवा १३ पॉइंटांनी घेतलं.

पाच तारखेच्या रात्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जागरण झालं, पहाटे दोननंतर कधीतरी पेनसिल्व्हेनिया ट्रम्प यांच्या नावावर लागलं, आणि हळूहळू सातही राज्यं. आमची काउंटी अगदी काठावरून, पण १९८८नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराकडे गेली. मला राग कसला आला असेल तर तो पोलवाल्यांना शिव्या घालायचीही सोय राहिली नाही याचा. पेनसिल्व्हेनियात अंतर दोन पॉइंटांच्या आत. पोल म्हणत होते बरोबरी. चूक म्हणावी तर मार्जिनमधली. आणि सातही राज्यं एकाच बाजूला जाऊ शकतात, कारण पोल चुकले तर सगळीकडे एकाच दिशेने चुकतात, हे पोल्सवरून अंदाज बांधणाऱ्या मॉडेलवाल्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण त्याच पानावर वर एक नवा प्लस एक दिसला, आणि मी तिकडे वळले.

त्यानंतर दोन आठवडे मी एकही आकडा बघितला नाही. २० नोव्हेंबरला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान झालं आणि अप्पांचा फोन आला.

“टीव्हीवर काही का दाखवेनात. मी गाड्यावर जाऊन आलोय. निकाल स्पष्ट आहे.”

“अप्पा, गाड्यावर माणसं किती होती?”

“सहा.”

“सगळी सांगलीचीच?”

“दोघं कोल्हापूरची होती. पावणी आलेली.”

“मग ते आपल्याकडचे मतदार नाहीत. त्यांना काढा.”

पलीकडे बराच वेळ शांतता. अप्पा बोटांवर मोजत असावेत.

“त्यांना काढलं तर टाय होतंय की गं.”