राइटची जागा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

'द एंडलेस रिव्हर' आणि 'रॅटल दॅट लॉक' यांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. 'द एंडलेस रिव्हर' हा पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा २०१४चा, बहुतांशी वाद्यसंगीताचा अल्बम म्हणजे बँडचा दिवंगत कीबोर्डवादक रिचर्ड राइटला वाहिलेली आदरांजली आहे, तेव्हा बँडचाच गिटारवादक-गायक डेव्हिड गिलमोरच्या 'रॅटल दॅट लॉक' या २०१५च्या स्वतंत्र अल्बमशेजारी ठेवून त्याला उणे ठरवणे अन्यायाचे आहे, हा आपला मुख्य आक्षेप. त्या अल्बमसाठी मी 'उरलेसुरले' हा शब्द वापरून राइटचा अपमान केला, हा दुसरा. आणि गिटार दोन्हीकडे त्याच माणसाची असताना मी केवळ गायनाला आणि शब्दांना भुललो, हा तिसरा.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. १९९३ साली 'द डिव्हिजन बेल' या बँडच्या आधीच्या अल्बमच्या तयारीसाठी गिलमोर, राइट आणि ड्रमवादक निक मेसन यांनी लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत आणि नंतर थेम्स नदीवरच्या 'ॲस्टोरिया' या गिलमोरच्या तरंगत्या स्टुडिओत जे तासन्‌तास वाजवले, त्यातले बरेचसे त्या वेळी वापरले गेले नाही. ते वाईट होते म्हणून नव्हे, तर त्या अल्बमला गाणी हवी होती म्हणून. न वापरलेले आणि टाकाऊ यांत फरक आहे आणि लिहिण्याच्या भरात मी तो पुसून टाकला. 'उरलेसुरले' हा शब्द मी लेखातून काढला आहे आणि तसे तिथे नमूदही केले आहे.

तुलनेचा आक्षेप मात्र मला मान्य करता येत नाही. दोन्ही अल्बमांमध्ये वर्षभराचेही अंतर नाही. निर्मितीत दोन्हीकडे गिलमोरबरोबर संगीत-निर्माता फिल मँझनेरा आहे. आणि मुख्य म्हणजे, २००८च्या सप्टेंबरमध्ये राइट गेल्यानंतर त्याची जागा रिकामी झाली, त्या रिकाम्या जागेचे करायचे काय, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. एका प्रश्नाची एकाच माणसाने दिलेली ही दोन उत्तरे आहेत. ती शेजारी ठेवून ऐकू नयेत, असे मला वाटत नाही.

राइटचे वादन नेमके काय करत असे, हे आपल्याकडच्या मैफलीच्या उदाहरणाने सांगणे मला सोपे वाटते. चांगला पेटीवाला गायकाशी चढाओढ करत नाही. गायक श्वास घेतो तेवढ्या जागेत तो सूर धरून ठेवतो, आणि मग गायकाने पुन्हा उचल केली की तो बाजूला होतो. गिलमोरची गिटार मुळात गाणारी आहे. तो एक स्वर घेतो, तार खेचून मींडेने पुढच्या स्वरावर चढतो आणि तिथे थांबतो. ते थांबणे शोभते, कारण त्याखाली राइटचा स्वरसमूह हळूच बदललेला असतो. 'द एंडलेस रिव्हर'मधल्या 'इट्स व्हॉट वी डू' या सहा मिनिटांच्या तुकड्यात हे सगळे आहे, आणि तो ऐकताना माझाही गळा दाटून येतो, हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते. 'ऑटम सिक्स्टी-एट'मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलचा पाइप ऑर्गन राइटने वाजवलेला ऐकू येतो. तरुणपणीच्या त्या ध्वनिमुद्रणाभोवती त्याच्या मित्रांनी इतक्या वर्षांनी वाजवावे, यातला जिव्हाळा मी नाकारत नाही.

पण तो तुकडा दोन मिनिटेही चालत नाही. 'ऑन नूडल स्ट्रीट', 'नाइट लाइट' आणि 'द लॉस्ट आर्ट ऑफ कॉन्व्हर्सेशन' यांचेही तेच. एखादी कल्पना डोके वर काढते, आपण सरसावून बसतो आणि ती विरून पुढचे काही सुरू झालेले असते. मला वाटते, याचे कारण घडणीत आहे. मँझनेरा आणि 'यूथ' या नावाने ओळखला जाणारा निर्माता व अँडी जॅक्सन हे सहनिर्माते यांच्या मदतीने गिलमोरने जुन्या ध्वनिफिती निवडल्या, जोडल्या, आणि २०१३-१४मध्ये त्याने व मेसनने त्यांत नवे वादन भरले. म्हणजे पुष्कळ ठिकाणी कीबोर्ड १९९३चे आहेत आणि गिटार वीस वर्षांनंतरची. पेटीवाल्याची साथ आधी ठरून गेलेली आणि गायक मागाहून तिच्यावर गातो आहे. गिलमोरने नवी वाट धरली, तर राइट तिकडे वळू शकत नाही. म्हणून गिलमोर वाट सोडतच नाही. तो जपून, अदबीने, ओळखीच्या रस्त्याने चालतो. त्या जपण्यामागचे प्रेम मला ऐकू येते, पण सवाल-जवाब ऐकू येत नाही, कारण जवाब आधीच देऊन झालेला आहे. अल्बमच्या आरंभी तिघांचे बोलण्याचे आवाज आहेत आणि त्यात न बोलता एकमेकांना कळण्याचा उल्लेख राइट करतो. ते कळणे दोन जिवंत माणसांमध्ये, त्या त्या क्षणी घडणारे असते.

आता 'रॅटल दॅट लॉक'. हा अल्बम निर्दोष आहे असे मी म्हटले नव्हते आणि आताही म्हणत नाही. फ्रेंच रेल्वेस्थानकांवर घोषणेआधी वाजणारे चार सूर गिलमोरने एक्स-आं-प्रोव्हांसच्या फलाटावर फोनवर टिपले आणि त्यांवर शीर्षकगीत उभे केले, ही हकिगत गाण्यापेक्षा रंजक आहे. 'टुडे'ही मला पोकळ वाटते. पण जिथे हा अल्बम चांगला आहे, तिथे त्यात धोका पत्करलेला आहे. 'फेसेस ऑफ स्टोन'मध्ये आईची स्मृती हरपत जाण्याचे दिवस आणि मुलीचा जन्म एकाच गाण्यात येतात. 'इन एनी टंग' शिट्टीने सुरू होते, गिलमोरचा मुलगा गॅब्रिएल त्यात पियानो वाजवतो, आणि शेवटचा सोलो आपण पुन्हा ऐकावा अशी माझी विनंती आहे. पहिले काही स्वर गायनाच्या पट्टीतच आहेत. मग प्रत्येक चढणीला तार थोडी अधिक खेचली जाते आणि शेवटी तो स्वर इतका वर जातो की तो तुटेल अशी भीती वाटते. गिटार दोन्हीकडे तीच, हे आपले म्हणणे हात आणि वाद्य यांपुरते खरे आहे. 'एंडलेस रिव्हर'मधल्या गिटारला ही भीती वाटवता येत नाही.

आणि गायनाला, शब्दांना मी भुललो का? 'अ बोट लाइज वेटिंग'बद्दल बोलायचे तर होय, आणि त्याची मला लाज वाटत नाही. हे गाणे राइटवर आहे. त्याला समुद्राची ओढ होती, म्हणून गिलमोरची पत्नी पॉली सॅमसन हिने लिहिलेल्या गीतात होडी आहे. पियानोची मूळ धून गिलमोरने घरी, बऱ्याच वर्षांपूर्वी, गॅब्रिएल तान्हा असताना टिपून ठेवली होती आणि त्या बाळाचा आवाजही त्यात राहून गेला आहे. मध्येच राइटचा बोलण्याचा आवाज येतो आणि लगेच जातो. मग डेव्हिड क्रॉस्बी आणि ग्रॅहम नॅश या गायकांचे आवाज गिलमोरच्या आवाजाला येऊन मिळतात. ज्या गाण्यात राइटचा कीबोर्ड असायला हवा, तिथे पियानोवर स्वतः गिलमोर आहे, आणि दोन ओळींमधली जागा तो मोकळीच ठेवतो. माझ्या कानांना राइटची खरी आदरांजली इथे ऐकू येते. बँडचा अल्बम 'तो अजून आहे' असे म्हणत राहतो. हे चार-साडेचार मिनिटांचे गाणे 'तो नाही' हे कबूल करते.

'तुम्हाला बँडच नको आहे' असे आपण शेवटी लिहिले आहे. तसे मुळीच नाही. २००६च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्क येथे गिलमोरच्या नावावर झालेल्या मैफलीत राइट कीबोर्डवर होता आणि त्यांनी 'एकोज' ही पिंक फ्लॉइडची जुनी, दीर्घ रचना वाजवली. पाटी एकट्या गिलमोरची होती. पण त्यातल्या गिटार आणि कीबोर्ड यांच्या देवघेवीत दोघेही एकमेकांना अनपेक्षित ठिकाणी नेतात आणि दुसरा कुठे जातो ते पाहण्यासाठी थांबतात. पिंक फ्लॉइडमध्ये मला जे प्रिय आहे ते तिथे संपूर्ण आहे. राइटशिवाय ही रचना पुन्हा वाजवणार नाही, असे गिलमोरने नंतर सांगितले आणि तो शब्द पाळला. सवड होईल तेव्हा ते 'एकोज' आधी ऐकावे, त्यामागोमाग 'इट्स व्हॉट वी डू' आणि शेवटी 'अ बोट लाइज वेटिंग'. या क्रमाने ऐकूनही आपले मत कायम राहिले, तर ते मला जरूर कळवावे. मी ते मूळ लेखाखाली जसेच्या तसे देईन.