'मुळासकट उपटलेले रोप' : एका प्रतिक्रियेला उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

आमच्या लेकीला दत्तक घेण्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. विशेष मुलांच्या शाळेत अठ्ठावीस वर्षे शिकवलेल्या व्यक्तीचे म्हणणे घाईने उडवून लावण्यासारखे नसते, म्हणून उत्तराला पंधरा दिवस लागले. आपला आक्षेप थोडक्यात असा : डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला ओळखीची माणसे, ओळखीचे आवाज आणि दिवसाचा ठरलेला क्रम यांचाच मोठा आधार असतो, अशा चार वर्षांच्या मुलीला महाराष्ट्रातल्या संस्थेतून उचलून ओहायोत नेणे म्हणजे 'रोप मुळासकट उपटणे' आहे, तेवढ्या खर्चात तिच्या जन्मदात्यांना हात देता आला असता, आणि 'आम्ही तिला वाचवले' असे लिहिणाऱ्या बाईला मूल हवे होते की पुण्य, असा प्रश्न आपल्याला पडला.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे आपले बरोबर आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि आमची लेक त्या निम्म्यांतलीच. तिच्या हृदयातले छिद्र ती चौदा महिन्यांची असताना बुजवले गेले. त्यासाठी पैसे संस्थेने उभे केले आणि इस्पितळात रात्री तिच्या उशाशी बसल्या त्या संस्थेतल्या मावशी. तिच्या छातीवरच्या त्या उभ्या व्रणाशी माझा काहीही संबंध नसताना मी 'वाचवले' लिहिले, ही चूकच झाली. तो शब्द मी मूळ लेखातून काढला आहे आणि त्यासोबतचा तिचा संस्थेतला फोटोही. फोटोबद्दल आपण काही म्हटले नव्हते. पण बारीक कापलेले केस आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा फ्रॉक अशा अवस्थेतली ती चारचौघांना दाखवण्याची परवानगी तिने मला दिलेली नव्हती, हे आपल्याला उत्तर लिहायला बसल्यावर माझ्या लक्षात आले.

आता रोपाविषयी. ती आल्यावर सात महिने मला 'मावशी' म्हणत होती. शाळेच्या बसमधल्या बाईंना मावशी, दाताच्या डॉक्टरांना मावशी, शेजारच्या सत्तर वर्षांच्या अमेरिकन आजींनाही मावशी. 'आई' हा शब्द तिला उच्चारता येत नव्हता असे नाही, तो कुणासाठी वापरायचा हेच तिला ठाऊक नव्हते. रात्री ती गुडघ्यांवर बसून पुढे-मागे झुलत असे, आणि वरण-भात न चावता गिळत असे, कारण वीस मुलांना जेवू घालणाऱ्या दोन बायकांना प्रत्येकीला चावायला शिकवण्याइतका वेळ नसतो. यात मी त्या बायकांना दोष देत नाही. पण तिच्या मागे पडण्यातले किती डाउन सिंड्रोमला कारण असणाऱ्या त्या एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे आणि किती संस्थेतल्या वाढीमुळे, याचा हिशेब कुणीही केलेला नव्हता. 'तिला फारसे समजत नाही' असे तिच्या अहवालात नोंदलेले होते. इथे कान तपासले तेव्हा दोन्ही पडद्यांमागे चिकट द्रव साचलेला निघाला. या मुलांमध्ये हे इतके सर्रास आढळते की, कानांची तपासणी झाल्याशिवाय आकलनाबद्दल बोलूच नये असे माझे ठाम मत झाले आहे. कानांत नळ्या बसवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ती कुकरच्या शिट्टीला दचकली. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि कुकर तसाच शिट्ट्या देत राहिला.

भाषेच्या बाबतीत मात्र आपल्याशी सहमत होता येत नाही. दोन भाषांचे ओझे या मुलांना पेलत नाही हा समज इथल्या एका वाचा-उपचारतज्ज्ञांनीही बोलून दाखवला होता आणि घरात फक्त इंग्रजी बोला असे सुचवले होते. परंतु कॅनडातल्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन भाषांत वाढणारी डाउन सिंड्रोमची मुले एकाच भाषेत वाढणाऱ्या तशाच मुलांपेक्षा मागे पडल्याचे आढळले नाही. आम्ही घरात मराठी ठेवली आणि जोडीला हातांच्या खुणा. दोन्ही हातांची बोटे जुळवून टोकांवर टोके आपटली की 'आणखी'. ती खूण करताना ती आज 'अजू' म्हणते, आणि ते 'अजू' बहुतेक वेळा खाकऱ्यासाठी असते, ज्यावर ती चावायला शिकली.

जन्मदात्यांना मदत मिळायला हवी होती, हे मान्य. मूल सोपवणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी कायद्याने दोन महिने दिलेले आहेत; त्या दोन महिन्यांत त्यांच्याकडे कुणी डॉक्टर, कुणी आपल्यासारख्या बाई जाऊन बसल्या असत्या, तर कदाचित आमची गरजच पडली नसती. पण हे उत्तर दोन महिन्यांच्या बाळासाठीचे आहे. चार वर्षांच्या मुलीसमोर घर आणि संस्था एवढेच दोन पर्याय उरले होते. आमच्या गावात युक्रेनमधून आणि बल्गेरियातून अशीच मुले आणलेली दोन कुटुंबे आहेत. १ जानेवारी २०१३ पासून रशियाने अमेरिकन कुटुंबांना मुले देणे बंद केले, २०२४ मध्ये चीननेही परदेशी दत्तकविधान जवळजवळ संपवले. त्या निर्णयांमागची राष्ट्राभिमानाची भाषा मला समजते. मात्र ज्यांच्या भावी दत्तक कुटुंबाशी भेटी होऊन गेल्या होत्या त्या मुलांना पुढे त्यांच्याच देशात घर मिळाले का, एवढेच मी विचारते.

आमच्यानंतर काय, हा आपला प्रश्न मात्र मला झोपू देत नाही. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होते. आज ते साठीच्या घरात आहे, आणि चाळिशीनंतर अल्झायमरचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणजे आम्ही दोघे नसताना तिला सर्वाधिक माणसे लागतील, आणि इथे आत्या, काकू, चुलतभाऊ असे कुणीही नाही. आपली टीका खरी लागते ती इथे. आम्ही विशेष गरजांसाठीचा ट्रस्ट केला आहे, आमच्या तेरा वर्षांच्या थोरल्या मुलावर तिचे पालकत्व आपोआप येणार नाही असे लिहून ठेवले आहे. पण कागद म्हणजे माणसे नव्हेत.

जानेवारीत आम्ही येत आहोत. आधी संस्थेतल्या मावशींकडे जाऊ. मागच्या रविवारी फोनवर त्यांनी पहिले काय विचारले असेल तर 'भात चावते का गं आता?' त्यानंतर आपली हरकत नसेल तर सांगलीला येऊ. आपल्या शाळेतल्या ज्या मुलांचे आईवडील आता हयात नाहीत, ती कुठे, कुणाबरोबर आणि कशी राहतात, हे मला आपल्याकडून सविस्तर ऐकायचे आहे.