सदर इसम

एका इमारतीत चौदा वर्षं काढली, मेंटेनन्स कधी थकवला नाही, की आपल्याला निदान एक आडनाव आहे असं माणूस समजून चालतो. रविवारी माझा तो समज गेला. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘बी विंगच्या गच्चीवर एक इसम शस्त्र साफ करीत असल्याचे आढळले. लहान मुलांना घरात ठेवावे.’

तो इसम मी. शस्त्र म्हणजे दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून निघालेलं टिकल्यांचं पत्र्याचं रिव्हॉल्वर. लिफ्ट बंद आहे हा मेसेज ग्रुपवर पडायला नऊ दिवस लागले होते. हा चार मिनिटांत पडला.

त्याला रिव्हॉल्वर म्हणायचं तेही पदरमोड करूनच. चक्र पत्र्यावर नुसतं उठवलेलं, फिरत-बिरत नाही. पण गंजतं मात्र अगदी खऱ्यासारखं, आणि कारणही तेच. टिकलीत पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. क्लोरेटाचं काम झालं की मागे पोटॅशियम क्लोराईड उरतं, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. फॉस्फरसच्या धुराचं दमट हवेत ॲसिड होतं. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतही क्लोरेट असायचं, म्हणून गोळीबार झाला की शिपाई आधी नळीत गरम पाणी ओतायचे आणि मग तेल घालायचे. तेलात मीठ विरघळत नाही. आपण भाऊबीज झाली की पिस्तूल तसंच खोक्यात टाकतो, फार तर वरून खोबरेल चोपडतो, आणि मीठ आत बसून पत्रा खात राहतं.

तेव्हा सुरुवात पाण्यानं. त्याआधी उघडणं. दोन अर्धे पत्रे दुमडलेल्या जिभल्यांनी जोडलेले असतात. जिभली एकदा सरळ होते, एकदा परत दुमडते, तिसऱ्यांदा तुटून हातात येते. म्हणून उघडतानाच पूर्ण सरळ करायची नाही, पत्रा सुटेल इतकीच उचलायची. हे काम पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करावं, कारण आतली स्प्रिंग सुटते ती थेट शेजारच्या गच्चीत. स्प्रिंगचं कुठलं टोक कुठे अडकलंय याचा फोटो आधी काढायचा. नंतर आठवत नाही. आठवतं असं वाटतं, तेव्हा तर हमखास उलटी बसते.

मग सगळे भाग कोमट पाण्यात तासभर, दोनदा पाणी बदलून. त्यानंतर लोहचुंबक फिरवायचं. चिकटेल तो पत्रा. चिकटणार नाही तो घोडा, कारण तो जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. त्याच्यावरची पांढरी भुकटी म्हणजे जस्ताचा गंज, ती कोरड्या टूथब्रशनं निघते. पत्रा लिंबूसत्त्वात टाकायचा, लिटरला ५० ग्रॅम, आणि दर अर्ध्या तासाला काढून घासायचा. जस्त आणि स्प्रिंग त्यात टाकायची नाही. जस्ताला ॲसिड खातं, आणि कडक पोलादाची स्प्रिंग ॲसिडात राहिली तर ठिसूळ होऊन एक दिवस कटकन तुटते. स्प्रिंगला रॉकेल आणि जुना ब्रश पुरे.

हे सगळं वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलं होतं, तेवढ्यात टाकीचं झाकण बघायला सेक्रेटरीकाका वर आले.

“लायसन्स आहे का?”

“काका, टिकल्यांचं आहे.”

“असू दे. चाप आहे ना?”

“आहे.”

“घोडा?”

“तोही आहे.”

“मग उरलं काय?”

मी म्हटलं, १९५९च्या शस्त्र कायद्यातल्या व्याख्येतच लिहिलंय, साधी काठी आणि खेळण्यापलीकडे काही उपयोग नसलेली, बदल करूनही कामाचं हत्यार न होणारी वस्तू शस्त्र धरत नाहीत.

काकांनी चष्मा पुसला. “बदल करूनही?”

“हो.”

“आणि तुम्ही आत्ता काय करताय?”

याला उत्तर नव्हतं. काका उकिडवे बसले आणि वाडग्याचा वास घेतला. “ॲसिड?”

“लिंबूसत्त्व.”

“म्हणजे ॲसिडच. त्यापेक्षा चिंच लावा. आमच्याकडे देव चिंचेनं लखलखतात.”

“देव पितळेचे असतात, काका.”

“श्रद्धा नाही तुम्हाला,” काका म्हणाले. मग मेव्हण्यानं स्कूटरचे नटबोल्ट कोलात बुडवून नवे कसे केले ती हकीगत झाली. कोलात फॉस्फरिक ॲसिड असतं खरं, पण अगदी पातळ, आणि साखरेनं मुंग्या येतात त्या वेगळ्याच. मी मान डोलावली आणि ड्रायर आणायला खाली गेलो, कारण लिंबूसत्त्वातून काढलेला पत्रा सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच कोरडा केला नाही, तर दहा मिनिटांत त्यावर नवा तांबूस गंज धरतो.

लिफ्ट बंद. पाच मजले उतरून पाच मजले चढेपर्यंत वीस मिनिटं गेली. वर आलो तर काका वाडग्यावर ओणवे होऊन प्रसन्न हसत होते.

“हा एक बाहेर राहिला होता. टाकला आत. बघा, कसे बुडबुडे येतायत, गंज निघतोय!”

गंज कसला, घोडा निघत होता. बाहेर काढला तेव्हा तोंड काळवंडून खरखरीत झालेलं. खरखरीत तोंडानं टिकली वाजत नाही, मार एका जागी पडावा लागतो. कानशीनं सपाट केलं, पण जितकं घासलं तितका तो आखूड झाला आणि ऐरणीला, म्हणजे टिकली जिथे बसते त्या जागेला, धड टेकेना. स्प्रिंग कडक करून बघावी म्हणून पोलादी तार खिळ्याभोवती गुंडाळली. खिळा हव्या त्या मापाहून बारीक घ्यावा लागतो, कारण सोडल्यावर तार उलगडते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब खिळीवर टाकला, जिभल्या दाबल्या, नवा रोल भरला.

काका कानात बोटं घालून टाकीमागे उभे राहिले. मी चाप ओढला.

फुस्स.

परत ओढला. परत फुस्स.

काका टाकीमागून आले, बोटं काढली, खिशातून मोबाईल काढला आणि तिथल्या तिथे लिहिलं: ‘मघाच्या शस्त्राची पाहणी केली. निकामी आहे. मुलांना खेळायला सोडण्यास हरकत नाही.’

अकरा अंगठे आले. घोडा वाडग्यात कोणी टाकला, त्याचा मेसेजात उल्लेख नाही.