‘कुरिअरवाले आपटतात’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

निनावी साहेब,

टीव्ही डिझाइनमुळेच लवकर बिघडतात, या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “माल कंपनीतून चांगलाच निघतो, वाटेत कुरिअरवाले आपटतात. तुमच्यासारखे पेचकसवाले उगाच डिझाइनला नावं ठेवतात.” मतभेदाला माझी ना नाही. पण ‘पेचकसवाले’? इंदूरला रामबागेत वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आलो की दप्तर कोपऱ्यात आणि सोल्डरिंग आयर्न हातात. तुम्ही हे कुठे शिकलात ते लिहिलेलं नाही. नावही नाही लिहिलंत, म्हणा.

एक मान्य. पॅनल, म्हणजे पडदा, वाटेत फुटतो, आपटलं की जड ट्रान्सफॉर्मरचे पाय सोल्डरमधून, म्हणजे डाग दिलेल्या जोडातून, सुटतात. झालं समाधान?

आता मला सांगा, दोन वर्षं भिंतीवर टांगलेला टीव्ही कुठल्या कुरिअरवाल्यानं आपटला? आवाज येतो, पडदा काळा. अंधारात जवळून टॉर्च मारा, चित्र पुसट दिसतं. म्हणजे मागच्या एलईडी पट्ट्या गेल्या. त्यांतल्या एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडलेल्या असतात, एक ओपन झाली, आतून तुटली, की सगळी ओळ विझते. आणि ती का जाते? कमी एलईडींतून जास्त उजेड काढायला करंट चढवून ठेवलेला असतो, पट्टी तापत राहते.

कपॅसिटरचंही तेच, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या त्या छोट्या डब्यांचं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. मग 105 अंश सोसणारा सोडून 85 चा घालायचा, तोही हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या तापलेल्या धातूला खेटून? परवाच एक सेट उघडला, त्यात नेमका तोच टोपी फुगून बसलेला, बुडाशी तपकिरी ओघळ. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच चाळिशी पार होते, बंद डब्यातलं तुम्हीच बघा. 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभर कॉम्प्युटरच्या मदरबोर्डांवरचे कपॅसिटर असेच फुगले होते, आतल्या सदोष द्रवामुळे, इलेक्ट्रोलाइटमुळे. ते काय सगळे एकाच टेम्पोतून गेले होते?

स्टॅबिलायझर, ग्राहकांना स्वस्तातलंच हवं असतं, वगैरे तुमचं बाकीचं वाचलं. त्यावर वेळ घालवावा असं काही दिसलं नाही.

तुमची दुसरी प्रतिक्रिया काढून टाकली आहे. तीत फक्त माझ्या वयाचा उल्लेख होता.