देवाची भीती आणि टॉवेलचं वजन

"देवाची भीती गेली की माणूस जनावर होतो. चांगलं-वाईट धर्मानेच शिकवलं. नास्तिक देशांचं काय झालं ते पाहा, आणि मुलांना आधी देवाला घाबरायला शिकवा." हा मजकूर सोलापुरात घरोघरी मोबाइलवर पुन्हा पुन्हा येतो. पाठवणाऱ्याची कळकळ खरी असते, पण यातलं एकही विधान तपासणीत टिकत नाही.

आधी भीतीचं बघू, आपल्याकडच्या टॉवेलच्या धंद्यातल्या उदाहरणावरून. 30 बाय 60 इंचांचा, 400 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 400 ग्रॅम वजनाचा) टर्किश टॉवेल साधारण 465 ग्रॅम भरायला हवा. 360 जीएसएमचा विणला तर तो 418 ग्रॅमच भरतो, म्हणजे दहा डझनांमागे साडेपाच किलो सूत वाचलं. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला लावलेली खळ धुऊन काढली नाही तर तिच्या वजनाने ही तूट काट्यावर झाकली जाते आणि पहिल्या धुण्यात उघडी पडते. कारखान्यात देव्हारा असतो, सकाळी उदबत्तीही लागते. तरीही जाणता व्यापारी नमुना धुतो, पुरता वाळवतो आणि मगच तोलतो. त्यात देवाचा अपमान नाही. कमी भरायचा मोह भाविकालाही होतो, एवढंच त्याला ठाऊक असतं. माल चोख राहतो तो काट्यामुळे, पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकामुळे आणि मालकाच्या मनाच्या लाजेमुळे. ही लाज आस्तिकाला असते तशी नास्तिकालाही असते.

चांगलं-वाईट धर्माने शिकवलं म्हणावं, तर सॉक्रेटिसचा जुना प्रश्न आडवा येतो: देव सांगतो म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देव सांगतो? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पंढरपुरात चोखोबांची समाधी मंदिराबाहेर, महाद्वारापाशी आहे. अस्पृश्यांना आत न घेण्याला तेव्हा धर्माचाच आधार दिला जात होता. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी ते दार उघडावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. गुरुजी श्रद्धाळू होते. पण रूढी आणि शास्त्र चुकतंय हे त्यांनी ज्या मापाने ठरवलं, ते माप त्या शास्त्रातून आलेलं नव्हतं. माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवलं की त्याला काय वाटतं, हे त्यांना कळत होतं. नीती सुरू होते ती तिथे. श्रद्धेने त्यांना बळ दिलं असेल, आणि ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

धर्मशिक्षणाने वागणूक आपोआप सुधारते का? 1973 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथल्या धर्मशिक्षणाच्या 40 विद्यार्थ्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. घाई नसलेल्यांपैकी 63 टक्के थांबले, फार घाईत असलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. काहींचं भाषण तर वाटेत पडलेल्याला मदत करण्याच्या बोधकथेवरच होतं, पण त्याने लक्षणीय फरक पडला नाही.

देशांबद्दल थोडक्यात. डेन्मार्कमध्ये चर्चला नियमित जाणारे थोडेच, तरी भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या 2024 च्या यादीत सर्वांत कमी भ्रष्ट देश तोच, 100 पैकी 90 गुण. उलट स्टालिनच्या निरीश्वरवादी राजवटीने लाखो माणसं मारली. नास्तिक झालं की माणूस चांगला होतो, असं म्हणणंही म्हणून तितकंच चूक.

खरी काळजी मुलांची. पोराने वर्गातल्या कुणाची कंपासपेटी आणली की "बाप्पा रागावेल" म्हणणं सोपं असतं. पण दोन दिवस जातात, बाप्पा रागावत नाही, आणि भीतीबरोबर नियमही जातो. त्यापेक्षा त्याला विचारा, "ती शोधताना त्याला काय वाटलं असेल?" उत्तर येईपर्यंत थांबा. मग पेटी त्याच्याच हाताने परत द्यायला लावा, गुपचूप बाकावर ठेवू देऊ नका. समोरच्याचा चेहरा त्याला दिसायला हवा. घरी पूजा होत असेल तर ती चालू राहू द्या, या कामात तिची अडचण नाही.